काकांचा थरथरता हात आणि तुझी पीएचडी

पत्र थोडक्यात असं :

‘सर, सप्रेम नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. सध्या बेंगळुरात एका कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. वय २६. माझ्या काकांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन आहे. गोळीचा असर असेपर्यंत बरं चालतं, उतरला की उजवा हात थरथरायला लागतो, शर्टाची बटणं लागत नाहीत. डॉक्टरांनी मेंदूत तार बसवायच्या ऑपरेशनचा विषय काढला, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघितले. यंत्र चालू केलं की हात जागच्या जागी थांबतो! तेव्हापासून कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूची संगणकावरची गणितं, आणि ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये पीएचडी करायचं डोक्यात बसलंय. पण बायॉलॉजी दहावीनंतर शिवलेली नाही. बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पॅटर्न शॉपमध्ये आहेत, ते विचारतात, “पगार सोडून हातात किती येणार?” आई म्हणते, “शिकून शिकून आणि किती शिकायलीस? आमी स्थळं बघायलाव.” धाकटा भाऊ नीटची तयारी करतोय, त्यानं ९ व्होल्टची बॅटरी डोक्याला लावून अभ्यास करायचं खूळ घेतलंय, वर म्हणतो, “ताई, तुझाच विषय की!” नोकरी सोडू का? काकांच्या काही उपयोगी पडेन का?
— एक वाचक, येळ्ळूर’

उत्तर :

तुला ‘तू’ म्हणूनच लिहितो. आधी काकांचं बघू, मग तुझं. पत्रात तू दोन्ही एकत्र केलंयस आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे. काकांचा निर्णय येत्या काही महिन्यांत व्हायला हवा. तुझी पीएचडी अगदी उद्या सुरू झाली तरी संपायला पाच-सहा वर्षं. तुझ्या संशोधनाचा काकांना उपयोग होणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाक. ऐकायला वाईट वाटेल. पण एवढं मान्य करूनही हा विषय तुला सोडवत नसेल, तरच पीएचडीचा विचार करण्यात अर्थ आहे.

व्हिडिओत तू बघितलंस ते खोटं नाही. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात डीबीएस. पूर्वी असल्या कंपावर मेंदूच्या आत खोल, थॅलॅमसमधला एक लहानसा भाग जाळून टाकायची शस्त्रक्रिया करत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला तिथं थोडा करंट देऊन बघायचे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद या सर्जनांच्या लक्षात आलं की करंटचे सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले की कंप तेवढ्यापुरता थांबतो. मग जाळायचं कशाला? तारच आत ठेवून द्यावी! हे साल १९८७. अमेरिकेत या उपचाराला कंपासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनसाठी २००२ मध्ये मंजुरी मिळाली. तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असते, बॅटरी गळ्याच्या हाडाखाली छातीत बसवतात आणि नेहमीची मात्रा म्हणजे सेकंदाला साधारण १३० ठोके, प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा.

व्हिडिओत जे येत नाही ते आता ऐक. डीबीएसनं आजार थांबत नाही, लक्षणं आटोक्यात येतात. ढोबळ हिशेब असा की लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या, गोळीनं जे सुधारतं तेच यंत्रानं सुधारतं. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी यंत्राला देतो असं पुष्कळदा दिसतं. तोल जाणं, बोलणं अस्पष्ट होणं, विसरभोळेपणा यांवर त्याचा फारसा भरवसा धरू नये, कधी कधी बोलणं उलट बिघडतं. ऑपरेशननंतर कित्येक महिने करंट, ठोके, तारेवरचा कुठला भाग चालू ठेवायचा, हे जुळवत बसावं लागतं. साध्या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. खर्च लाखांत जातो. म्हणून ऑपरेशनआधी रुग्णाची गोळीशिवाय आणि गोळीसकट, अशी दोन्ही वेळा तपासणी करतात, स्मरणशक्तीची चाचणीही घेतात.

तुला काही करायचंच असेल तर यात कर. एक साधी वही घे आणि काकूंना सांग, आठ-दहा दिवस लिहून ठेवायचं : गोळी किती वाजता घेतली, किती वाजता लागू पडली, किती वाजता उतरली, हातपाय नको तितके वळवळतात का, रात्री कूस बदलता येते का. बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आतापर्यंतच्या गोळ्यांची यादी आणि ही वही घेऊन काकांना अशा ठिकाणी दाखवा, जिथं पार्किन्सनसारख्या हालचालींच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. बेंगळुरात निम्हान्स आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा आहे. तू स्वतः बेंगळुरात राहतेस. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये त्यांना रात्री बसवलं की सकाळी तू स्टेशनावर उभी. हे काम पीएचडीवाल्याचं नाही, पुतणीचं आहे आणि त्यात पुतणीच जास्त उपयोगी पडते.

आता तुझं.

ज्यानं तुझी झोप उडवली त्या यंत्राबद्दलची सगळ्यांत मोठी गंमत व्हिडिओवाले सांगत नाहीत. ते का चालतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही! जाळलं तरी कंप थांबतो, भराभर ठोके दिले तरी थांबतो, म्हणून आधी वाटलं, ठोके दिल्यानं तो भाग गप्प बसत असेल. पुढं मोजमापं आणि गणिती मॉडेलं आली. त्यांतून दिसलं की पेशीचं मुख्य अंग गप्प बसतं तेव्हाच तिचा लांब धागा, म्हणजे ॲक्सॉन, ठोक्यासरशी पेटत असतो. म्हणजे एकच पेशी एकाच वेळी गप्पही आणि बोलतीही. त्यात १३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १३० ठोक्यांना, आराम पडतो, पण तोच करंट १०-२० हर्ट्झनं दिला तर फायदा नाही, कधी त्रास वाढतो. पार्किन्सनमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस या भागात १३ ते ३० हर्ट्झची एक लय, तिला बीटा म्हणतात, नको तितकी माजलेली सापडते. गोळी घेतली की ती उतरते, ठोके दिले तरी उतरते. मग ती लय हे रोगाचं कारण की नुसती खूण? यावर अजून भांडणं चालू आहेत.

या भांडणात तुझ्यासारखीला काय काम, ते सांगतो. नवी यंत्रं मेंदूतली ही बीटा लय ऐकतात आणि तिच्याप्रमाणं करंट कमी-जास्त करतात. अशा यंत्राला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरीही मिळाली. आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्या डोक्यानं बघ : देतोय तो ठोका व्होल्टांत, ऐकायचा आहे तो सिग्नल मायक्रोव्होल्टांत, आणि दोन्ही एकाच तारेवर, एकमेकांपासून काही मिलिमीटरवर. दहा लाखांच्या पटीतला फरक! ठोक्याची ढवळाढवळ गाळून खालची लय कशी काढायची? फिल्टर लावला तर सिग्नलला उशीर होतो, उशीर झाला तर यंत्र चुकीच्या वेळी करंट देतं. तू रोज ऑफिसात लेटन्सी आणि नॉइजवरून डोकं फोडून घेतेस ना? बायॉलॉजीवाल्यांना इथं तुझी गरज लागते. बायॉलॉजी आली नाही म्हणून तू घाबरलीयस, पण या प्रयोगशाळांत डिफरन्शियल इक्वेशन आलं नाही म्हणून घाबरलेलेही तितकेच बसलेले असतात.

मॉडेल म्हणजे काय, ते तुझ्या बाबांना एका वाक्यात कळेल. उद्यमबागेत कास्टिंग ओतायच्या आधी लाकडाचं पॅटर्न करतात. ते काही पंपाचं काम करत नाही, पण लोखंड आकसल्यावर माप किती उरेल, कोपरा कुठं अडेल, हे आधीच विचार करून पॅटर्न करणारा त्यात धरतो. न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशीचं, मॉडेलही तसंच. खऱ्या माणसाच्या डोक्यात तार घालण्याआधी करंट कुठपर्यंत पसरेल, कुठले धागे पेटतील, शेजारच्या कुठल्या भागाला धक्का लागून जीभ जड होईल, याचा अंदाज त्यावरून येतो. अंदाज चुकतातही. बाबांना विचार, पॅटर्नं सगळी पहिल्या फटक्यात बरोबर येतात का म्हणून.

आणि या विषयाचा पाया तू कॉलेजात शिकून बसलीयस, फक्त तुला कोणी ते सांगितलं नाही. समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकताना सिग्नल कसा पसरतो याचं गणित विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे लॉर्ड केल्विन यांनी, १८५० च्या दशकात मांडलं. शंभरेक वर्षांनी विल्फ्रिड रॉल यांनी तेच समीकरण न्यूरॉनच्या फांद्यांना लावलं. ट्रान्समिशन लाइनचा तो चॅप्टर, जो परीक्षेपुरता घोकला, तोच. १९५२ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर केलेल्या मोजमापांतून, न्यूरॉन स्वतःचा विजेचा ठोका कसा देतो याची चार समीकरणं मांडली. एक कपॅसिटर, दोन बदलते रोधक, एक गळती. बस्स. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, आणि ठोका तयार. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बदलांसाठी बंद ठेवला होता, म्हणून हक्सली यांनी हातानं फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर ती आकडेमोड केली. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कंपनीचा लॅपटॉप हँग झाला की मला हक्सलींचा तो हात आठवतो, असो.

नोकरी सोडायच्या आधी तुझ्यासाठी हेच काम काढतो. राजीनामा लिहू नकोस, कोड लिही.

पायथन तुला येतंच. हॉजकिन-हक्सलीची चार समीकरणं स्वतःच्या हातानं लिही, तयार पॅकेज घेऊ नकोस. टाइम स्टेप ०.०१ मिलिसेकंद ठेव. मोठा घेतलास तर आलेख भरकटेल, आणि तो का भरकटला हे शोधणं हाही अभ्यासच. मग बाहेरून द्यायचा करंट थोडा थोडा वाढवत ने आणि सेकंदाला किती ठोके पडतात ते मोज. तुला वाटेल, करंट हळूहळू वाढवला की ठोकेही दोन, पाच, दहा असे हळूहळू वाढतील. तसं होत नाही. बराच वेळ काही नाही, फार तर एखादा ठोका, आणि मग एका जागी न्यूरॉन एकदम पन्नासच्या वरच धावायला लागतो. मधले आकडेच नाहीत! आता करंट हळूच मागे आण, तो ज्या जागी सुरू झाला तिथं थांबतो का, की आणखी खाली येईपर्यंत धावतच राहतो, ते बघ. हे असं का, हा प्रश्न जेवताना, बसमध्ये, सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलेली असताना तुला छळायला लागला, तर तू या कामाची. आणि ‘चला, आलेख आला, झालं’ असं वाटलं, तर नोकरीच बरी. त्यात कमीपणा काही नाही.

हे जमलं की पुढची पायरी. ‘न्यूरॉन’ आणि ‘ब्रायन’ ही दोन सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, ‘मॉडेलडीबी’ या वेबसाइटवर छापून आलेल्या मॉडेलांचे कोड ठेवलेले आहेत. त्यातलं सबथॅलॅमिक न्यूक्लियसचं एखादं मॉडेल उतरवून घे आणि पेपरातली एखादी आकृती हुबेहूब काढून दाखव. निघणार नाही लवकर. कुठंतरी युनिट चुकलेलं असेल, कुठंतरी तापमानाचा गुणक राहिलेला असेल, पेपरात एक आकडा आणि कोडमध्ये दुसरा असेल. पीएचडीची पहिली दोन वर्षं बहुतेकांची अशीच जातात आणि त्याचे व्हिडिओ कोणी काढत नाही. ‘सिमनिब्स’ नावाचं आणखी एक आहे. एमआरआयवरून डोक्याचं मॉडेल करून बाहेरून दिलेला करंट किंवा चुंबकीय ठोका आत कुठं किती पोचतो ते त्यात दिसतं. भावाला समोर बसवून तेही बघ. का, ते शेवटी सांगतो. ‘न्यूरोमॅच अकॅडमी’ ही २०२० पासून दरवर्षी जुलैच्या सुमारास ऑनलाइन भरणारी शाळा आहे, तिचे धडे आणि सराव फुकट बघता येतात. रजेचे आठवडे तिथं घाल.

जागा कुठं, हे तू विचारलं नाहीस, पण तुझा पुढचा प्रश्न तोच असणार. बेंगळुरात आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स आहे, एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, आणि रुग्णांजवळ राहून काम करायचं असेल तर निम्हान्स. पुण्याला आयसरमध्ये न्यूरॉनच्या गणितावर काम करणारी मंडळी आहेत. चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये श्रीनिवास चक्रवर्ती यांच्या लॅबमध्ये बेसल गँग्लिया, म्हणजे हालचाली सांभाळणारा मेंदूतला खोल भाग, आणि पार्किन्सन यांची मॉडेलं करतात, तुझ्या विषयाला हे फार जवळचं. बी.ई.वर थेट पीएचडीला घेणाऱ्या जागा आहेत, पण गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर बहुतेक ठिकाणी लागतो. परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. टीआयएफआर आणि एनसीबीएसकडे जायचं तर त्यांची वेगळी सामाईक परीक्षा असते. धारवाडला आयआयटी झालीय, घरापासून दोन तासांवर, आईला ती आवडेल. पण तुझ्या विषयाचा गाइड तिथं आहे का ते बघूनच अर्ज कर.

एक सरकारी बाब. केंद्रीय संस्थांत आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणं असतं, कर्नाटकाच्या यादीप्रमाणं नाही. त्यामुळं बी.ई.ला जे सर्टिफिकेट चाललं ते इथं चालेलच असं नाही. तुमची जात केंद्राच्या यादीत नसेल आणि घरचं उत्पन्न बसत असेल, तर ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, सर्टिफिकेट तहसीलदार कचेरीतून वेळेत काढून ठेव. शेवटच्या आठवड्यात तिथं गेलीस तर साहेब मीटिंगला गेलेले असतात. आणि सीमाभागातली म्हणून इकडं अर्ज करू की तिकडं, या फेऱ्यात पडू नकोस. २००४ पासून सीमावादाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याच्या निकालाची वाट बघत बसलीस तर गेटचा स्कोअर चार वेळा संपेल. पुणे चांगलं वाटलं तर पुणे, बेंगळूर चांगलं वाटलं तर बेंगळूर.

विषयापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात. पण गाइड बघायचा कसा हे कोणी सांगत नाही. लॅबच्या वेबसाइटवर जुन्या विद्यार्थ्यांची नावं असतात. त्यातल्या दोघा-चौघांना सरळ मेल लिही : किती वर्षांत संपलं, आता कुठं आहात, पहिलं नाव तुमचं असलेले पेपर किती. जुन्यांची नावंच नसतील, किंवा चार जण आत गेले आणि एकच बाहेर पडलेला दिसला, तर सावध. मुलाखतीला गेलीस की आत्ताच्या विद्यार्थ्यांबरोबर कँटीनमध्ये चहा घे, सर नसताना. तोंडानं चांगलं सांगतील, पण सरांचं नाव निघाल्यावर एकमेकांकडे बघतात का, तेवढं बघ. आणि गाइडला पहिला मेल पाठवताना ‘आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट ब्रेन’ लिहू नकोस. असे मेल त्यांना रोज येतात आणि बिनवाचता जातात. तू काढलेली ती आकृती जोड, खाली दोन ओळी : तुमच्या अमुक पेपरातली आकृती काढायचा प्रयत्न केला, इथं माझा आकडा जुळत नाही, माझं काय चुकतंय? असल्या मेलला उत्तर येतं.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत बी.ई.वर पीएचडीला घेतात, फी माफ असते, स्टायपेंड मिळतो, पाच-सहा वर्षं लागतात. जर्मनीत बहुधा आधी मास्टर्स मागतात, पुढं तीन-चार वर्षं. दोन्हीकडे निवड करताना तुझी ती कोडची फाइल मार्कांपेक्षा जास्त बघतील. एक वर्ष इथं एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढलंस, तर अर्जही मजबूत होतो आणि हे आयुष्य सोसतं की नाही तेही कळतं. मला विचारशील तर तुझ्यासाठी हीच वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच दे, ते आकड्यांचे माणूस. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर ७०,००० पासून ८०,००० पर्यंत, पण ती मोजक्यांना. तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा बहुधा कमीच, आणि कित्येक ठिकाणी पैसे महिनोन् महिने उशिरा जमा होतात. तेव्हा नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक, गावातल्या सोसायटीचं किंवा शैक्षणिक कर्जाचं काही राहिलं असेल तर ते आधी फेड. पुढं नोकरीचं काय? प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि मागणारे फार, त्यावर मदार ठेवू नको. पण सिग्नल प्रोसेसिंग, मॉडेलिंग आणि एम्बेडेड, तिन्ही येणारं माणूस वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांना हवं असतं. पीएचडी अर्धवट सोडून परत आलीस तरी उपाशी राहणार नाहीस. हे बाबांना सांग. आईला सांगू नकोस, ती ‘अर्धवट’ एवढाच शब्द ऐकेल.

आईचं म्हणणं मला चूक वाटत नाही. तिनं तुझ्या वयात काय काय सोसून हे घर उभं केलं ते ती जाणते आणि पाच-सहा वर्षं म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. तिच्याशी ‘शिक्षण की लग्न’ असा वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. स्थळं बघू दे. फक्त प्रत्येक स्थळाला पहिल्याच भेटीत सांग : पाच वर्षं फेलोशिप, गाव बदलेल, रात्री उशिरापर्यंत लॅब. निम्मी स्थळं आपोआप गळतील आणि राहतील त्यांच्याशी बोलण्यात अर्थ असेल. लग्न झालेल्या मुली पीएचडी करतात, वसतिगृहांत नवरा-बायकोंसाठी खोल्या पुष्कळ संस्थांत आहेत. यूजीसीच्या नियमांत बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे, बायकांना प्रबंध पुरा करायला दोन वर्षांची जादा मुदतही आहे. नियम कागदावर आहेत म्हणजे गाइडच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत असं नाही, म्हणून वर कँटीनच्या चहाचं सांगितलं.

मराठी शाळेबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, पण ते तुला टोचतंय हे कळलं. पेपर वाचायचं इंग्रजी सहा महिन्यांत येतं, त्यातले शब्द तेच तेच असतात. उलटं बघ. मेंदूला करंट द्यायच्या कुठल्याही प्रयोगात समोर माणूस बसलेला असतो. त्याला समजावून सांगावं लागतं की कवटीवर टकटक होईल, पापणी उडेल, दुखलं तर हात वर करा, नको वाटलं तर कधीही उठून जा. संमतीचा कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. निम्हान्सच्या ओपीडीत बागलकोटचा शेतकरी येतो, कल्याणहून सुनेबरोबर आलेली म्हातारी येते. त्याच्याशी कन्नडात आणि तिच्याशी मराठीत तितक्याच सहज बोलणारी इंजिनियर तिथं किती असतील? येळ्ळूरच्या पोरीला ते शिकवावं लागत नाही.

राहता राहिला भाऊ. त्याची बॅटरी आधी काढून घे. तो जे करायला बघतोय त्याला टीडीसीएस म्हणतात : कपाळावर ओले पॅड लावून १ ते २ मिलिअँपिअर करंट, वीसेक मिनिटं. संशोधनातलं यंत्र त्वचेचा रोध बदलला तरी करंट तेवढाच ठेवतं, हळूहळू चढवतं, हळूहळू उतरवतं. ९ व्होल्टची बॅटरी यातलं काही करत नाही. पॅड वाळला की एका ठिपक्यावर कातडी भाजते, आणि पॅड भलत्या जागी बसला तर काय होईल याचा त्याला पत्ता नाही. एवढं करून आत मेंदूपर्यंत पोचतं किती? सिमनिब्सवर २ मिलिअँपिअर घालून दाखव, मीटरला एक व्होल्टही भरत नाही. बराचसा करंट कातडीतूनच इकडून तिकडं जातो. डिप्रेशनसाठी रुग्णालयांत जे चुंबकीय यंत्र वापरतात, टीएमएस, ते वेगळं. त्याचा ठोका आत याच्या शंभरपट जोरानं लागतो, आणि तोही डॉक्टर फिट येण्याचा इतिहास विचारून, मात्रा मोजून देतात. नीटचे मार्क यांतल्या कशानं वाढतात याला कसलाही आधार नाही. बायॉलॉजी त्याची चांगली असेल ना? मग त्यालाच कामाला लाव. अकरावीच्या पुस्तकातला मज्जासंस्थेचा धडा त्यानं तुला शिकवायचा, सोडियम-पोटॅशियमचा पंप पाटीवर काढून. त्याची उजळणी होईल, तुझी दहावीनंतरची सुटलेली बायॉलॉजी भरून निघेल, आणि ती बॅटरी तुझ्या मल्टिमीटरमधून गेली असेल तर ती तुला परत मिळेल.